परवडणारा ह्युमिडॉर निवडताना: लाकडाआधी झाकण पाहावे

हाताने वळलेला सिगार संपूर्णपणे तंबाखूच्या पानांचा बनलेला असतो, त्यामुळे भोवतालच्या हवेतला ओलावा तो सतत शोषत आणि सोडत राहतो. तो कोरडा पडला की वरचे पान तडकते आणि धूर तिखट, गरम लागतो. फार ओलावला की ओढायला जड जातो, एका अंगाने जळतो आणि शेवटी बुरशी धरतो. सापेक्ष आर्द्रता ६५ ते ७० टक्के आणि तापमान १८ ते २१ अंश सेल्सिअस, हा साठवणुकीचा सर्वमान्य दंडक आहे. ही स्थिती टिकवून धरणारी पेटी म्हणजे ह्युमिडॉर. तिच्यावर मोठी रक्कम खर्च केलीच पाहिजे असे मुळीच नाही. मात्र जी थोडी रक्कम खर्च करायची ती कशावर, हे आधी ठरवावे लागते.

या विषयावरचे बरेचसे मार्गदर्शन थंड प्रदेशांतून आलेले आहे. तिथे हिवाळ्यात घरे तापवली जातात आणि आतली हवा कोरडी होते, म्हणून पेटीत ओलावा कसा घालायचा यावर त्यात भर असतो. मुंबई, कोकण आणि गोव्यात मात्र जून ते सप्टेंबर बाहेरचीच आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, तेव्हा पेटीला बाहेरचा ओलावा आत येऊ न देण्याचे काम करावे लागते. नागपूर-अकोल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत नेमके उलट घडते आणि दुपारची हवा पेटीतला सगळा ओलावा ओढून घेते. दोन्हीकडे लागते ती एकच गोष्ट, घट्ट बसणारे झाकण. स्वस्त ह्युमिडॉरमध्ये नेमकी तिथेच काटकसर केलेली असते, कारण पॉलिश डोळ्यांना दिसते आणि फट दिसत नाही.

झाकणाची परीक्षा दुकानातच करता येते. कागदाची अरुंद पट्टी किंवा दहा रुपयांची नोट कडेवर ठेवून झाकण मिटावे आणि ती ओढून पाहावी. चारही बाजूंना, विशेषतः बिजागरीजवळ आणि कोपऱ्यांत, ती अडली पाहिजे. मोबाइलचा टॉर्च चालू करून आत ठेवावा, झाकण लावावे आणि अंधाऱ्या कोपऱ्यात पेटी चहूबाजूंनी न्याहाळावी. जिथून उजेड झिरपतो तिथून ओलावाही जाणार-येणार. चांगल्या बनावटीच्या पेटीचे झाकण हातातून सोडले की धाडकन आपटत नाही, आतल्या हवेवर तरंगत सावकाश बसते. काचेचे झाकण असलेली पेटी शक्यतो घेऊच नये. काच आणि लाकूड यांच्या सांध्यातला डिंक काही महिन्यांत सुटू लागतो आणि नेमकी तिथूनच गळती सुरू होते. माझी पहिली पेटी तशीच होती. पावसाळ्यात तिच्यातल्या सिगारांवर पांढरी लव धरेपर्यंत तिच्यावर बसवलेला काटा मात्र शांतपणे ७० दाखवत होता.

तो काटा हा या पेट्यांचा दुसरा दोष. पुढच्या बाजूला बसवलेला पितळी कडीचा गोल आर्द्रतामापक दिसायला सुरेख असला, तरी त्यावर विसंबून राहू नये. काही शे रुपयांत मिळणारा लहान डिजिटल मापक अधिक भरवशाचा असतो, आणि तोही एकदा मिठाने तपासून घ्यावा. बाटलीच्या झाकणात साधे मीठ घेऊन त्यात पाण्याचे मोजके थेंब टाकावेत. मीठ विरघळता कामा नये, भिजलेल्या वाळूसारखे दिसले पाहिजे. ते झाकण आणि मापक झिपच्या पिशवीत शेजारी ठेवून पिशवी घट्ट बंद करावी आणि बारा तास हलवू नये. ओल्या मिठाभोवतालच्या बंदिस्त हवेत आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते, हा मिठाचा गुणधर्मच आहे. मापक ७१ दाखवत असेल तर तो चार अंकांनी कमी सांगतो, हे पेटीच्या तळाशी चिठ्ठी लावून लिहून ठेवावे आणि पुढे प्रत्येक वाचनात चार मिळवावेत.

आतल्या लाकडाचा मुद्दा यानंतर येतो. स्पॅनिश सीडर या नावाने ओळखले जाणारे लाकूड प्रत्यक्षात सीडर नाही आणि स्पेनचेही नाही. ते मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या, महोगनी आणि आपला कडुलिंब ज्या कुळात मोडतात त्याच कुळातल्या झाडाचे आहे. ते ओलावा शोषून हळूहळू परत देते आणि त्याचा मंद गंध तंबाखूशी जुळतो. ओळखीच्या सुताराकडून सागवान, देवदार किंवा प्लायवूडची पेटी करून घेण्याचा मोह अनेकांना होतो, पण तो टाळावा: देवदाराचा तेलकट, उग्र वास आणि प्लायवूडमधल्या चिकट द्रव्याचा वास सिगारमध्ये उतरतो, आणि एकदा उतरला की निघत नाही.

कमी पैशांत सर्वांत भरवशाची सोय कोणती, तर माझ्या मते चारही बाजूंना कड्या आणि झाकणात सिलिकॉनची रिंग असलेला, स्वयंपाकघरात वापरतात तसा हवाबंद प्लास्टिकचा डबा. पावसाळ्यात तो बऱ्याच स्वस्त लाकडी पेट्यांपेक्षा सरस ठरतो. डबा नवा असावा, मसाल्याचा किंवा लोणच्याचा जुना नको. खाण्याच्या सोड्याने धुऊन दोन दिवस उघडा ठेवावा आणि वास पूर्ण गेल्याची खात्री करावी. सिगार विकणाऱ्या दुकानातून रिकाम्या लाकडी खोक्यातल्या सीडरच्या पातळ फळ्या मिळाल्या, तर त्या तळाशी अंथराव्यात.

ओलावा राखण्यासाठी पाणी घालायचा स्पंज घेऊ नये. तो ओलावा फक्त देतो, जास्तीचा काढून घेत नाही. दोन्ही दिशांनी काम करणाऱ्या पुड्या मिळतात, उदाहरणार्थ बोवेडाच्या. त्यांत क्षारांचे संपृक्त द्रावण असते आणि ठरलेल्या टक्क्यापेक्षा हवा कोरडी झाली की त्या बाष्प सोडतात, दमट झाली की शोषतात. आपल्याकडच्या उष्ण हवेत बुरशीपासून चार हात दूर राहण्यासाठी ६९ ऐवजी ६५ टक्क्यांची पुडी निवडावी. लाकडी पेटीत दर २५ सिगारांमागे ६० ग्रॅमची एक पुडी, असा हिशेब आहे. हवाबंद डब्यात ती बरीच जास्त टिकते. कोरडी, कडक झाली की बदलावी.

लाकडी पेटीच घेतली, तर तिच्यात लगेच सिगार ठेवू नयेत. कोरडे लाकूड प्रथम सिगारांतलाच ओलावा ओढून घेईल. आतून ओले फडके फिरवण्याची जुनी पद्धतही बरी नव्हे, त्याने लाकूड वाकते आणि झाकण बसेनासे होते. ८४ टक्क्यांची पुडी ठेवून पेटी दोन आठवडे बंद ठेवावी, एवढे पुरे.

आकाराबाबत थोडेच सांगायचे आहे. पेटीवर छापलेला आकडा सडपातळ सिगारांचा असतो. ५० रिंगचा, म्हणजे सुमारे २० मिलिमीटर जाडीचा सिगार ठेवणाऱ्याने तो आकडा बराच कमी धरावा. मात्र म्हणून प्रचंड पेटी आणू नये, कारण रिकामी जागा माणूस भरतच जातो, आणि सिगारचा धूर छातीत ओढला नाही तरी तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका राहतोच. महिन्याला दोन-तीन सिगार ओढणाऱ्याला छोटा डबा पुरेसा आहे. यंत्रावर बनलेले, कोरडेच ओढायचे युरोपीय धाटणीचे छोटे सिगार असतील, तर ह्युमिडॉरची गरजच नाही.

जागा घरातली सर्वांत थंड आणि अंधारी निवडावी, म्हणजे आतल्या खोलीतल्या कपाटाचा खालचा कप्पा. फ्रिजचा माथा किंवा टीव्हीजवळची फळी नको. तरीही आपल्या घरांत तापमान सहज २५ अंशांच्या पुढे जाते आणि तंबाखूतल्या किड्यांच्या अंड्यांना तेवढी ऊब पुरते. सिगारवर टाचणीने पाडल्यासारखी गोल भोके दिसली, तर समजावे की ते बाहेर पडले आहेत. म्हणून नवे सिगार दुहेरी झिपच्या पिशवीत घालून एक दिवस फ्रिजमध्ये, नंतर उणे १८ अंश किंवा त्याहून थंड फ्रीझरमध्ये चार दिवस, पुन्हा एक दिवस फ्रिजमध्ये ठेवावेत. पिशवी खोलीच्या तापमानाला पूर्ण येईपर्यंत उघडू नये, अन्यथा थंड पानांवर दव धरते. त्यानंतरच ते सिगार डब्यात आधीच्यांच्या शेजारी ठेवावेत.