थिन क्लायंटच्या लॅबमध्ये आवाज येत नाही? या चुका टाळा

उदगीर असो की हिंगोली, थिन क्लायंटची लॅब उभी राहिली की अडचण बहुतेक ठरलेली असते. स्क्रीन येते, लॉगिन होतं, इंटरनेट चालतं, फक्त हेडफोन मुका. "आवाज नंतर बघू" म्हणून तो विषय बाजूला पडतो, आणि ही पहिली चूक. इंग्रजीचं लिसनिंग त्यामुळे थांबतं. ज्या अंध विद्यार्थ्याला ऑर्का या स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामशिवाय संगणक वापरताच येत नाही, त्याच्यासाठी तर लॅबच बंद राहते.

हे सगळं मुख्यतः एलटीएसपी ५ (लिनक्सवर थिन क्लायंट चालवणारी जुनी प्रणाली) पद्धतीच्या लॅबबद्दल आहे. तिथे प्रोग्राम सर्व्हरवर चालतात आणि टेबलावरचं छोटं मशीन, म्हणजे थिन क्लायंट, फक्त दाखवण्या-ऐकवण्यापुरतं असतं.

सर्व्हरला साउंड कार्ड बसवणं

लॉगिन केल्यावर आवाजाच्या सेटिंगमध्ये "डमी आउटपुट" दिसतं. सर्व्हरला साउंड कार्ड नाही, असा अर्थ काढून लोक बाजारातून कार्ड आणतात. परभणीकडच्या एका कॉलेजात असं कार्ड बसवल्यावर आवाज आला खरा, पण कुलूपबंद सर्व्हर रूममधून. वर्गातले हेडफोन होते तसेच गप्प.

फायली आणि लॉगिन सांभाळायला मोठं मशीन सर्व्हर असतं, आवाजाचं मात्र उलट आहे. साउंड कार्ड क्लायंटमध्ये असतं, म्हणून पल्सऑडिओ हा आवाज सांभाळणारा प्रोग्राम क्लायंटवर चालतो आणि ४७१३ या टीसीपी पोर्टवर ऐकत बसतो. मोठ्या सर्व्हरवरचा ब्राउझर त्याच्याकडे आवाज पाठवतो. कोणाकडे पाठवायचं हे त्याला "पल्स_सर्व्हर" (PULSE_SERVER) या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून, म्हणजे लॉगिनच्या वेळी भरल्या जाणाऱ्या नोंदीतून, कळतं. व्हेरिएबल रिकामं असेल तर सर्व्हर स्वतःचाच पल्सऑडिओ सुरू करतो, आणि तिथे कार्ड नसल्यामुळे डमी आउटपुट दिसतं. म्हणून क्लायंटवर लॉगिन करून टर्मिनलमध्ये आधी या व्हेरिएबलची किंमत छापून पाहा. त्यात त्याच क्लायंटचा आयपी पत्ता दिसला पाहिजे. दिसत नसेल तर एलटीएस.कॉन्फ (lts.conf) या क्लायंटच्या सेटिंगच्या फाइलमध्ये साउंड "ट्रू" आणि साउंड डिमन "पल्स" आहे का ते बघा.

फायरवॉलचा गोंधळही यातूनच होतो. सर्व्हरवर पोर्ट उघडून उपयोग नाही. जोडणी सर्व्हरकडून क्लायंटकडे जाते, त्यामुळे वाट क्लायंटच्या बाजूने मोकळी हवी. मधला स्विच व्हीलॅनमध्ये (एकाच स्विचवरच्या वेगवेगळ्या नेटवर्कमध्ये) विभागलेला असेल तर तिथेही अडू शकतं.

आयपी पत्ता हाताने लिहून ठेवणं

एका क्लायंटवर आवाज येईना म्हणून कुणी विद्यार्थ्याच्या होम फोल्डरमधल्या पल्सच्या सेटिंगमध्ये तो पत्ता कायमचा लिहून टाकतं. त्या दिवशी काम होतं. पुढच्या तासाला तोच विद्यार्थी दुसऱ्या टेबलावर बसला की त्याचा आवाज पहिल्या टेबलावरच्या मुलीच्या कानात वाजतो. लाईट जाऊन आली आणि डीएचसीपीने (आयपी पत्ते आपोआप वाटणाऱ्या सेवेने) पत्ते नव्याने वाटले तरी हेच होतं. पत्ता लिहूच नका, तो लॉगिनच्या वेळी आपोआप भरला गेला पाहिजे. हवं तर डीएचसीपीमध्ये प्रत्येक मॅक पत्त्याला (मशीनच्या नेटवर्क कार्डाच्या क्रमांकाला) ठरावीक आयपी देऊन टाका. लाईटचा भरवसा नसलेल्या गावात ते सोयीचं पडतं.

सगळ्या वर्गाला "स्टुडंट" नावाचं एकच खातं देणं हेही टाळा. एकाच होम फोल्डरवर अनेक ब्राउझर आणि आवाजाच्या सेटिंग एकमेकांवर चढतात, मग कुठला दोष कुणाचा हे सापडत नाही.

म्यूट न काढताच बाकी सगळं उलटंपालटं करणं

नेटवर्कला दोष देण्याआधी क्लायंटवरच आवाज निघतो का ते तपासा. क्लायंटच्या स्वतःच्या टर्मिनलवर, म्हणजे सर्व्हरच्या सत्रात नव्हे, आल्सामिक्सर हा आवाजाच्या पट्ट्या दाखवणारा प्रोग्राम उघडा. उभ्या पट्ट्यांच्या खाली "एमएम" दिसलं की ती वाहिनी म्यूट आहे. एम हे बटण दाबलं की तिथे "ओओ" येतं. मास्टर, पीसीएम, हेडफोन आणि फ्रंट या सगळ्या पट्ट्या बघा, एकट्या मास्टरवर समाधान मानू नका. "ऑटो-म्यूट" चालू असेल तर पुढच्या जॅकला हेडफोन लावल्यावर मागचे स्पीकर बंद होतात, तो बिघाड नव्हे.

एचडीएमआय असलेल्या मशीनवर एचडीएमआयलाच कार्ड क्रमांक ० मिळतो आणि हेडफोनचा जॅक १ वर जातो, असं अनेकदा घडतं. मग सगळा आवाज स्पीकर नसलेल्या मॉनिटरकडे जात राहतो. एप्ले या कमांडच्या यादीत (aplay -l) क्रमांक बघा आणि डिफॉल्ट बदला.

आल्सामिक्सरमध्ये केलेला बदल क्लायंट बंद केला की पुसला जातो, कारण त्याची प्रणाली नेटवर्कवरून येणाऱ्या, फक्त वाचता येणाऱ्या इमेजमधून (सर्व्हरवर ठेवलेल्या प्रणालीच्या प्रतीतून) चालते. रोज सकाळी प्रत्येक मशीनवर आवाज वाढवत फिरू नका. व्हॉल्यूम, पीसीएम व्हॉल्यूम, हेडफोन व्हॉल्यूम आणि माइक व्हॉल्यूम एलटीएस.कॉन्फमध्ये लिहा. इमेजच्या आत काही बदलायचं असेल तर बदलानंतर इमेज पुन्हा बनवावी लागते. ते राहून गेलं की "सेटिंग केली पण लागू झाली नाही" अशी तक्रार येते.

जॅककडेही बघा. मोबाइलचा एकाच पिनेचा इअरफोन हिरव्या जॅकमध्ये लावला तर ऐकू येईल, पण माइक चालणार नाही. त्यासाठी दोन पिनांचा हेडसेट किंवा स्प्लिटर लागतो.

माइक सगळ्यांसाठी उघडा ठेवणं

आवाज येईना म्हणून पल्सऑडिओच्या टीसीपी मोड्यूलमध्ये कुणालाही परवानगी देणारा पर्याय चालू करतात. आवाज येतोही. पण मग त्याच नेटवर्कवरचं कुठलंही मशीन त्या क्लायंटचा माइकसुद्धा ऐकू शकतं. वर्गात मुलं-मुली बोलत असतात, हे अजिबात चालणार नाही. परवानगी फक्त लॅबच्या सर्व्हरच्या आयपीला द्या आणि लॅबचं नेटवर्क कॉलेजच्या वायफायपासून वेगळं ठेवा.

एका मशीनवर तपासून लॅब तयार झाली म्हणणं

एकावर छान वाजतं, वर्ग भरला की तुटक येतं. याचं कारण बहुतेक वेळा आवाज नसतो. ४४,१०० हर्ट्झ, १६ बिट, दोन वाहिन्या असा आवाज सेकंदाला सुमारे १.४ मेगाबिट जागा घेतो. ३० क्लायंट धरले तरी ४२ मेगाबिट. पण ६४० बाय ३६० चा छोटा व्हिडिओ सेकंदाला २५ चित्रांनी, कुठलंही कॉम्प्रेशन न करता पाठवला, तर रंगाचे २४ बिट धरूनही एकट्या विद्यार्थ्याचे १३८ मेगाबिट होतात. सर्व्हरची लाइन १०० मेगाबिटची असेल तर एकाच व्हिडिओत ती भरते आणि आवाज अडकतो. सर्व्हरपासून स्विचपर्यंतची जोडणी गिगाबिट हवी. केबल कॅट ५ई हवी आणि तिच्या चारही जोड्या नीट क्रिम्प केलेल्या हव्यात, कारण दोनच जोड्या लागल्या तर गिगाबिट लिंक मिळत नाही. क्लायंटमध्ये पुरेशी रॅम असेल तर ब्राउझर क्लायंटवरच चालवा, मग आवाज नेटवर्कवरून पाठवावाच लागत नाही. २०१९ मध्ये नव्याने लिहिलेल्या एलटीएसपीत प्रोग्राम मुळात क्लायंटवरच चालतात, त्यामुळे नवी लॅब उभारताना तोच मार्ग घ्या.

विंडोज सर्व्हरवर रिमोट डेस्कटॉप वापरत असाल तर तीन जागा बघा. क्लायंटच्या लोकल रिसोर्सेसमध्ये आवाज "या संगणकावर वाजवा" असा ठेवा. सर्व्हरवर विंडोज ऑडिओ सर्व्हिस चालू करून स्वयंचलित करा. ग्रुप पॉलिसीत ऑडिओ प्लेबॅक आणि रेकॉर्डिंगच्या परवानग्या वेगवेगळ्या असतात. ऐकू येतं पण माइक जात नाही, तर दुसरी परवानगी राहिलेली असते.

शेवटची चाचणी वर्गात कुणी नसताना करा, पण सगळी मशीन एकदम लावून. सगळीकडे एकच ध्वनिफीत सुरू करा आणि एकेका टेबलावर हेडफोन लावत जा. जिथे तुटतंय तिथे आधी केबल बदला, मग स्विचचा पोर्ट, आणि त्यानंतरच सेटिंगला हात लावा.