एमएलओ व्हायचंय? आधी स्वतःच्या नावाकडे बघा

अमेरिकेत मॉर्टगेज लोन ओरिजिनेटरचं (एमएलओ, म्हणजे घरकर्जाचे अर्ज घेऊन अटी ठरवणाऱ्याचं) लायसन काढायचं म्हटलं की जो तो कोर्स कुठला आणि परीक्षा किती अवघड हेच विचारतो. मी म्हणते, ते नंतर. आधी ड्रायव्हर्स लायसन, पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि प्रत्येकावर तुमचं नाव कसं छापलंय ते वाचा. पासपोर्टवर स्वतःचं आणि नवऱ्याचं नाव एकाच रकान्यात कोंबलेलं असतं, ड्रायव्हर्स लायसनवर नवरा मधल्या नावात गेलेला असतो, बँकेत अजून माहेरचं आडनाव चालू असतं. एनएमएलएस या देशभरच्या नोंदणी यंत्रणेत खातं उघडताना दिलेलं नाव आणि परीक्षेला नेलेल्या ओळखपत्रावरचं नाव जुळलं नाही, तर दारातूनच परत पाठवतात. माझी परीक्षेची पहिली तारीख अशीच गेली, ११० डॉलर फीसकट.

नाव जुळलं की एमयू-४ हा लायसनच्या अर्जाचा फॉर्म. त्यात मागच्या १० वर्षांचे पत्ते आणि नोकऱ्या लागतात, मध्ये फट न ठेवता. म्हणजे पुण्यातली पेइंग गेस्टची खोलीसुद्धा आली, घरी बसून काढलेली वर्षंही आली. पूर्वीची नावंही सांगायची असतात. लग्नात आडनावाबरोबर पाळण्यातलं नावही बदललेल्या बायकांनी ते विसरू नये. हे सगळं एका वहीत आधी उतरवून काढा, कारण फॉर्म भरता भरता आठवायला बसलं की तारखा हमखास चुकतात.

मग क्रेडिट. कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या तिन्ही ब्युरोंचे रिपोर्ट स्वतः काढून बघा. केंद्रीय कायद्यात अमुक स्कोअर हवाच असं नाही, पण थकलेली बिलं, कोर्टाची वसुली, कराचा बोजा, मागच्या ३ वर्षांतलं फोरक्लोजर (हप्ते थकल्याने घर जाणं) या गोष्टी राज्याचे अधिकारी पाहतात. काही निघालंच तर दडवू नका. काय झालं, किती फेडलं, हे चार ओळींत लिहून पावतीसकट जोडा. लपवलेलं सापडणं हे थकलेल्या बिलापेक्षा महागात पडतं. मागच्या ७ वर्षांत गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली असेल तर लायसन मिळत नाही, आणि गुन्हा फसवणुकीचा असेल तर त्याला मुदतच नाही.

व्हिसाचंही इथेच बघून घ्या. एच-१बीवर असताना संध्याकाळी जोडधंदा म्हणून हे करण्याचा विचार पुष्कळांच्या डोक्यात येतो. लायसन म्हणजे काम करायची परवानगी नव्हे. एच-४वाल्यांकडे (एच-१बीवाल्यांच्या जोडीदारांकडे) ईएडी, म्हणजे काम करायचं परवानगीपत्र, असेल तर प्रश्न नाही.

आणखी एक गोष्ट आधीच ठरवा: बँकेत काम करायचंय की गिऱ्हाईकाला कर्ज मिळवून देणाऱ्या ब्रोकरकडे? बँकेच्या नोकरीत नुसती नोंदणी पुरते, कोर्स आणि परीक्षा दोन्ही टळतात. बिगरबँक कंपनीत किंवा ब्रोकरकडे जायचं तरच पुढचं वाचा.

घरकर्जांचा बाजार कोसळला तेव्हा, २००८ साली, सेफ अ‍ॅक्ट आला आणि त्यातून २० तासांचा कोर्स आला. ३ तास केंद्रीय कायदे, ३ तास नीतिमत्ता, २ तास चाकोरीबाहेरची कर्जं, उरलेले १२ ऐच्छिक. काही राज्यं स्वतःच्या कायद्याचे तास वेगळे मागतात, म्हणून पैसे भरण्याआधी एनएमएलएसवरची आपल्या राज्याची यादी वाचा. स्वतःच्या वेळेत करायचा ऑनलाइन कोर्स घेतलात तर ओळख पटवायला माउसने अक्षरं गिरवावी लागतात. पाटीवर पहिल्यांदा श्री काढल्यासारखं वाटतं. घाईत गिरवलं की यंत्र ओळखत नाही.

परीक्षेत १२० प्रश्न, त्यातले ११५ गुणांचे, वेळ १९० मिनिटं, पास व्हायला ७५ टक्के. नापास झालात तर ३० दिवस थांबा, पण तिसऱ्यांदा गेलात की १८० दिवस. पाठांतरावर निघेल असं समजू नका. उदाहरणार्थ ‘बिझनेस डे’. अर्ज आल्यापासून ३ बिझनेस डेच्या आत लोन एस्टिमेट, म्हणजे कर्जाच्या खर्चाचा अंदाज, द्यायचा. इथे ऑफिस ज्या दिवशी उघडं, तो दिवस मोजायचा. क्लोजिंग डिस्क्लोजर, म्हणजे अंतिम आकड्यांचा कागद, मात्र क्लोजिंगच्या (कर्जाच्या कागदांवर सही करण्याच्या) ३ बिझनेस डे आधी हातात पडलं पाहिजे, आणि तिथे रविवार आणि सरकारी सुट्टी सोडून सगळे दिवस धरायचे, शनिवारसुद्धा. आता गुरुवार घ्या. गुरुवारी अर्ज आला आणि ऑफिस शनिवार-रविवार बंद, तर लोन एस्टिमेटची शेवटची तारीख मंगळवार. त्याच गुरुवारी क्लोजिंग डिस्क्लोजर मिळालं तर सोमवारी सही होऊ शकते. मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दोन रंगांनी हे मोजत बसायचे, तेव्हा कुठे डोक्यात बसलं.

रेस्पा या घरव्यवहारांवरच्या केंद्रीय कायद्याचं कलम ८ आपल्या लोकांनी जरा जपूनच वाचावं. मंडळात ओळखीचा रिअल्टर (घरांचा एजंट) असतो, तो गिऱ्हाईक पाठवतो, आणि दिवाळीला त्याला जाडजूड गिफ्ट कार्ड द्यावंसं वाटतं. गिऱ्हाईक पाठवल्याच्या बदल्यात दिलेली वस्तू म्हणजे किकबॅक: १० हजार डॉलरपर्यंत दंड आणि वर्षभरापर्यंत कैद. चकलीचा डबा देणारी मी आहे, पण घरी बोलावलेल्या सगळ्यांना सारखाच. गिऱ्हाईकाच्या आईवडिलांनी भारतातून पाठवलेले पैसे हाही असाच रोजचा विषय. गिफ्ट लेटर (पैसे भेट आहेत, परत करायचे नाहीत, असं पत्र) आणि वायरचा, म्हणजे पैसे बँकेतून आल्याचा, कागद पहिल्या दिवशीच मागून घ्या.

गुन्ह्यांच्या तपासणीसाठी बोटांचे ठसे द्यायला जाताना ओळखपत्र तेच न्या, ज्याचं नाव आधी जुळवून घेतलंत.

लायसन मंजूर झालं तरी एखाद्या कंपनीने स्पॉन्सर केल्याशिवाय, म्हणजे आपल्या नावाखाली घेतल्याशिवाय, ते चालू होत नाही. म्हणून कोर्स चालू असतानाच दोन-तीन ठिकाणी बोलून ठेवा. गिऱ्हाईकं कोण आणणार, कमिशन किती बेसिस पॉइंट (एक म्हणजे टक्क्याचा शंभरावा भाग) मिळणार, ड्रॉ (कमिशनची उचल) दिला तर तो पुढे कापणार का, हे स्पष्ट विचारा. व्याजदर चढा लावलास तर कमिशन जास्त देऊ असं कुणी म्हणालं, तर तिथून निघा. ते बेकायदा आहे. आणि घरात सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा, कारण पहिलं कर्ज क्लोज होईपर्यंत हातात काही पडत नाही.

लायसन दरवर्षी नवं करावं लागतं, १ नोव्हेंबर ते ३१ डिसेंबर, आणि त्यासाठी ८ तासांचा कोर्स. ज्या वर्षी २० तास केलेत त्या वर्षी तो माफ. पुढच्या वर्षीपासून मात्र दिवाळीची साफसफाई उरकली की तो उरकून टाका. डिसेंबरात सगळेच त्याच्या मागे असतात.