पाणीगळती रोखायची आहे? पाणीपुरवठा विभागाने या चुका टाळाव्यात

उन्हाळा लागला की नगरपरिषदेच्या सभेत गळतीचा आकडा विचारला जातो आणि ‘चाळीस टक्के’ असं काहीतरी उत्तर मिळतं. हा आकडा येतो कुठून? बहुतेक वेळा पंपाच्या लॉगबुकातून. पंप इतके तास चालला, पाटीवरची क्षमता इतकी, करा गुणाकार. जुन्या पंपाचा इंपेलर (पाणी ढकलणारं आतलं चक्र) झिजलेला असतो, तो पाटीवर लिहिलेलं पाणी देतच नाही. जे पाणी टाकीत कधी चढलंच नाही, ते ‘गळालं’ म्हणून हिशोबात येतं. मग रस्ते खोदूनही काही सापडत नाही.

म्हणून आधी शुद्धीकरण केंद्रावर आणि प्रत्येक उंच टाकीच्या आउटलेटवर बल्क मीटर (मोठ्या पाइपातलं एकूण पाणी मोजणारा मीटर) बसवा. जागा नाही म्हणून पाइपाच्या वळणाला (बेंडला) चिकटून मीटर बसवू नका, वाचन चुकतं. मीटर येईपर्यंत टाकीचा आउटलेट बंद करून पंप तासभर चालवा. पातळी जेवढी चढली तिला टाकीच्या क्षेत्रफळाने गुणलं की पंपाचं खरं पाणी कळतं. हे फुकटात होतं, तरी फार कमी ठिकाणी करतात.

मोठ्या फुटीमागे धावणं

मेन लाइन फुटली की रस्त्यावर कारंजं उडतं, फोन येतात, चार तासांत दुरुस्ती होते. ताशी 50 हजार लिटर गेलं तरी एकूण 2 लाख लिटर. त्याउलट घरगुती नळजोडणीच्या सॅडलपाशी (मुख्य पाइपावर जोडणीसाठी बसवलेल्या पट्ट्यापाशी) ताशी एक हजार लिटर झिरपत असेल आणि पाणी सरळ गटारात जात असेल, तर कुणी तक्रार करत नाही. अखंड दाब असेल तर सहा महिन्यांत 43 लाख लिटर गेलेलं असतं. खरी गळती फेरूल (मुख्य पाइपातून घराला पाणी देणारी तोटी) ते घराचा मीटर या टप्प्यात, गटारातून गेलेल्या गंजक्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपांत असते. तिथे सायकलची ट्यूब गुंडाळून काम भागवणं म्हणजे पुढच्या महिन्यात परत तोच खड्डा. तेवढा तुकडा एमडीपीईने (न गंजणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाइपाने) बदला.

जुन्याच जोडण्यांवर चोवीस तास पाणी

पाइपाला सहा मिलिमीटरचं भोक आणि दहा मीटर दाब (दहा मीटर उंच पाण्याचा असतो तेवढा) धरला तर दिवसाला साधारण 20 हजार लिटर जातं. माणशी 135 लिटरच्या निकषाने दीडशे माणसांचं पाणी. दिवसातून दोनच तास पुरवठा असेल तर तेच भोक 1700 लिटरवर भागतं. म्हणजे ठरावीक तासांच्या पुरवठ्यात गळती लपून राहते, आणि पाइप रिकामा झाला की त्याच भोकातून गटाराचं पाणी आत शिरतं. चोवीस तासांची योजना चांगलीच, पण उद्घाटनाच्या तारखेसाठी जोडण्या न बदलता व्हॉल्व उघडला की टाकी दुपारीच रिकामी. कराडजवळच्या मलकापूरने चोवीस तास पाणी दिलं ते घरोघरी मीटर आणि वापर वाढला की दर वाढणारी पाणीपट्टी यांच्या जोडीनं. नुसता व्हॉल्व उघडून नव्हे.

रात्रीची चाचणी घाईत उरकणं

रात्री दोन ते चार या वेळात वापर सर्वांत कमी असतो. तेव्हाही मीटर जोरात फिरत असेल तर गळतीचा संशय घ्यावा. पण आधी झोनची, म्हणजे एका टाकीवरून पाणी मिळणाऱ्या भागाची, हद्द तपासा. हद्दीवरचे सगळे सीमा-व्हॉल्व बंद करून टाकीकडून येणारा पुरवठा थांबवा. दाब शून्यावर यायला हवा. तो शून्यावर आला नाही, तर वॉल्व्हमन कितीही ‘टाइट आहे साहेब’ म्हणाला तरी कुठला तरी व्हॉल्व पाणी सोडतोय. शिवाय रात्री सोसायट्यांच्या टाक्याही भरत असतात. तो वापर वजा न केल्यास निष्कर्ष चुकतो. झोन पक्का झाला की एकेक गल्लीचा व्हॉल्व बंद करत जा. ज्या गल्लीला मीटरवरचा प्रवाह धाडकन उतरतो, तिथे लिसनिंग रॉड (आवाज ऐकायची धातूची कांडी) व्हॉल्वच्या स्पिंडलला (फिरवायच्या दांड्याला) लावून कान द्या. गळतीची सूं अशी सलग सरसर असते, नळ वापरला तर आवाज येतो-जातो.

शेवटच्या घराला पाणी पोचत नाही म्हणून सगळ्या गावाचा दाब वाढवणंही महागात पडतं. दाबाबरोबर प्रत्येक भोकातून जाणारं पाणीही वाढतं, प्लॅस्टिकच्या पाइपात चीर असेल तर आणखीनच, कारण दाबाने ती रुंदावते. उंचावरच्या वस्तीला वेगळा झोन द्या, सखल भागात दाब कमी करणारा व्हॉल्व बसवा.

बंद मीटरवर वर्षानुवर्षं सरासरी बिल काढू नका. हे पाणी गळत नाही, ते वापरलं जातं. पण हिशोबात गळतीच्याच रकान्यात जातं. सुरुवात हॉटेलं, लॉज, वॉशिंग सेंटर अशा मोठ्या ग्राहकांपासून करा. मीटर बदलण्याचा खर्च तिथेच सर्वांत लवकर निघतो.