मालवणात क्रेडिट कार्ड चालेना, तर आधी हे बघा

जालन्याहून बदली होऊन मालवणात आलो, त्याला अकरा वर्षं झाली. दर जूनला बदलीची नवी मंडळी येतात, घर लावायला बाजारात जातात आणि आठवड्याभरात कुणीतरी विचारतंच, "माझं क्रेडिट कार्ड इथं चालत नाही, बँकेकडून दुसरं मागवू का?" एवढ्यात मागवू नका. बहुतेकदा कार्ड चांगलं असतं.

दुकानदार "होणा नाय" म्हणत कार्ड परत देतो, तेव्हा मशीनच्या पडद्यावर काय आलंय ते स्वतः वाचा. 'डिक्लाइन' आलं असेल तर चिप (कार्डावरचा सोनेरी चौकोन) व्यवस्थित वाचली गेलीय, नकार बँकेकडून आलाय. मर्यादा संपली असेल किंवा ॲपमध्ये दुकानातला वापर बंद असेल. 'टाइम आउट' किंवा 'नो कनेक्शन' म्हणजे मशीनमधल्या सिमला रेंज नाही. आपल्याकडे डोंगर आडवा येतो, पावसात लाईट गेली की टॉवरही मान टाकतो. मशीन दारापाशी नेऊन बघायला सांगा, दुकानदारांना ते सवयीचं आहे. 'चिप एरर' आला तरच कार्डाकडे वळा.

कार्ड उजेडात तिरपं धरा. सोनेरी चौकोनाच्या कडेला केसाएवढी चीर दिसते का? मागच्या खिशात पाकीट ठेवून बसणाऱ्यांची कार्डं इथेच तडकतात. चीर असेल तर उपाय नाही, नवीन कार्डच घ्या. नसेल तर मऊ सुती फडक्यावर मेडिकलमधलं स्पिरिट थेंबभर घेऊन चौकोन हलक्या हातानं पुसा आणि पूर्ण वाळू द्या. ब्लेड, सँडपेपर लावू नका, वरचा सोन्याचा मुलामा फार पातळ असतो. सोनं गंजत नाही. खाऱ्या, दमट हवेचा त्रास जास्त होतो तो मशीनच्या आतल्या बारीक पिनांना. म्हणून दुसऱ्या दुकानात किंवा पेट्रोल पंपावर तेच कार्ड लावून बघा. तिथं चाललं, तर कार्डाला दोष देऊ नका. चिपऐवजी पट्टी ओढून उपयोग नाही, मशीन पुन्हा चिपच मागतं.

टॅप मात्र, म्हणजे कार्ड मशीनला नुसतं टेकवून, जरूर करून बघा. चिप तीच असते, पण मशीनच्या आतल्या पिनांशी संबंध येत नाही. ५,००० रुपयांपर्यंत पिन नंबरही टाकावा लागत नाही. ही मर्यादा १ जानेवारी २०२१ पासून आहे. नवीन कार्डावर टॅप बंदच येतं, ते ॲपमधून आपण सुरू करायचं असतं. हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एका चतुर्थीच्या आधी मी इन्व्हर्टरची बॅटरी घेत होतो. बाहेर धो धो पाऊस, मशीनवर गोल फिरतंय, पावती येईना. दुकानातला पोरगा म्हणाला, पुन्हा लावा. मी लावलं आणि घरी जाऊन बघतो तर रक्कम दोनदा गेलेली. पहिली पाचव्या दिवशी आपोआप परत आली, पण तेवढे दिवस जिवाला घोर. म्हणून पावती अडकली की आधी फोनवरचा मेसेज बघा, ॲप उघडा, मगच दुसऱ्यांदा लावा. पैसे कापले जाऊन दुकानदाराला पोचले नाहीत, तर बँकेनं ते पाच दिवसांत परत करायचे असतात. त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. रिझर्व्ह बँकेचा हा नियम २०१९ चा आहे. बँकेनं ३० दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ वर फोन करा.

रुपे क्रेडिट कार्ड असेल तर ते यूपीआयला जोडून घ्या, म्हणजे मशीन बंद असलं तरी दुकानाचा क्यूआर चालतो. मासळीवाल्या मावशींचा क्यूआर मात्र बऱ्याचदा त्यांच्या स्वतःच्या खात्याचा असतो, तिथं क्रेडिट कार्डाचे पैसे जात नाहीत. बाजाराला जाताना पाचशे-सहाशे रुपये सुटे ठेवाच. तेही नसतील तर ओळखीचा दुकानदार म्हणतो, "पैसे काय पळान जातत? मगे दिया." दुसऱ्या दिवशी सकाळीच नेऊन द्या.

आणि नवीन कार्ड मागवायचंच झालं, तर आधी बँकेतला पत्ता बदला. माझं पहिलं कार्ड जालन्याच्या जुन्या घरी जाऊन परत फिरलं होतं.