घरातल्या सिस्टिमला गाडीची वेळ सांगताय? या चुका टाळा

भाऊ मुंबईहून सिद्धेश्वर एक्स्प्रेसने येणार, गाडी सोलापुरात शिरायच्या अर्धा तास आधी गीझर आपोआप लागावा, एवढीच माझी हौस. होम असिस्टंटला, म्हणजे घरातली उपकरणं आपोआप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, गाडीची माहिती जोडली. भाऊ दारात, पाणी थंडगार! चूक माझीच, मी तारीख आजची दिली होती. सिद्धेश्वर रात्री सुटते, सकाळी इथे पोचते, पण रेल्वेच्या हिशेबी ती सुटल्या दिवसाचीच गाडी. आजची तारीख दिली की सिस्टिम आज रात्रीची गाडी शोधते आणि 'अजून सुटलेली नाही' म्हणून मोकळी होते.

जीटीएफएस या वेळापत्रकाच्या साच्यात हे आणखी ठळक दिसतं. रात्री सुटलेली गाडी दुसऱ्या दिवशी ०६:४५ ला पोचत असेल, तर तिथे ३०:४५:०० लिहितात. ही टायपिंगची चूक नव्हे, 'दुरुस्त' करू नका. २४ वजा करा, तारीख एकाने पुढे न्या.

फीड, म्हणजे अशा वेळापत्रकाच्या फाईलींचा गठ्ठा, उतरवलं की आधी 'कॅलेंडर' फाईलमधली शेवटची तारीख बघा. ती उलटून गेली असेल तर बऱ्याचदा एररही येत नाही, नुसती रिकामी चौकट दिसते आणि आपण वायफायला शिव्या घालत बसतो.

हुतात्मा एक्स्प्रेस गाठायला लावलेला पावणेसहाचा गजर सव्वाअकराला वाजला? सिस्टिमचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे भारताच्या मागे चालणाऱ्या जागतिक प्रमाणवेळेवर आहे. बरोब्बर साडेपाच तासांचा फरक दिसला की दुसरीकडे शोधायची गरजच नाही.

गाडी नावाने शोधू नका, नंबर द्या. सिद्धेश्वर १२११५ मुंबईहून येणारी, १२११६ इथून जाणारी. सोलापूर स्टेशनचा कोड एसयूआर (SUR). आणि दर मिनिटाला सर्व्हरचं दार ठोठावू नका. ठरलेलं वेळापत्रक दिवसातून एकदा वाचलं तरी पुष्कळ झालं.

एसटीचं फीड हाती लागलं नाही तर सरळ स्टँडवर जा, फलकाचा फोटो काढा, हव्या त्या चार फेऱ्या हाताने टाइप करा. मात्र ती वेळ स्टँडवरून सुटण्याची असते, तुमच्या थांब्याची नव्हे. अक्कलकोटच्या बससाठी मी आठवडाभर थांब्यावर उभं राहून मिनिटं लिहून काढली, घरच्यांनी हसून घेतलं. आषाढीच्या आठवड्यात मात्र पंढरपूरच्या बसचं ऑटोमेशन मी बंदच ठेवतो.