पहिल्यांदा विमानाने निघताय? या चुका टाळा, खोबऱ्यापासून सुरुवात करा

आईचा पहिला विमानप्रवास, पुणे ते दिल्ली. बॅग काउंटरवर दिली, बोर्डिंग पास हातात आला आणि पाच मिनिटांत तिला परत बोलावलं. मशीनमध्ये काहीतरी दिसलं होतं. बॅग उघडली तर वर साड्या, खाली पुरणयंत्र आणि त्याच्या पोटात वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या सुक्या खोबऱ्याच्या नऊ वाट्या. यंत्राबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

"अहो, लाडवांत घालायचंय ते!"

"काकू, तेल असतं त्यात. नाही जाऊ देता येत."

बॅग तपासणारा तो मुलगा बरोबर बोलत होता. सुकं खोबरं तेलकट असतं, साठवणीत तापलं तर आपोआप पेट घेऊ शकतं. म्हणून विमानवाहतुकीत त्याची गणती धोकादायक मालात होते. नऊ वाट्या पुण्याच्या लोहगाव विमानतळावरच राहिल्या. काशी-तिरुपतीला निघणाऱ्यांनी तर पूजेच्या पिशवीतला कापूर आणि काडेपेटी आधी काढावी. कापूर कुठल्याच बॅगेत चालत नाही.

नवखा माणूस घाबरतो आकाशाला. घोटाळे होतात ते मात्र जमिनीवर, आणि बहुतेक एसटी-रेल्वेच्या सवयीमुळे.

रात्रीच्या विमानाची तारीख

सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. तिकिटावर लिहिलंय १२ तारीख, वेळ ००:४०. आपण १२ ला सगळं आवरतो, रात्री जेवतो आणि टॅक्सी बोलावतो. तोवर विमान जाऊन वीस तास झालेले असतात! निघायचं होतं ११ च्या रात्री. आपल्या पंचांगात वार बदलतो सूर्योदयाला, तिकिटावर मध्यरात्री. जुन्या माणसांचा गोंधळ होणारच. पुण्याहून आडवेळेची विमानं बरीच असतात. म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर १२ ला गोल करू नका. ११ च्या चौकोनात लिहा, "जेवण झालं की निघणे".

नाव आणि कागद

तिकीट काढतो भाचा, घाईत, मोबाइलवर. मावशीचं आधार माहेरच्या नावाचं आणि तिकीट सासरच्या आडनावाचं. दारातला सीआयएसएफचा जवान दोन्ही ताडून बघतो. तिकीट काढतानाच ओळखपत्र समोर ठेवून एकेक अक्षर जुळवा. चूक दिसली तर त्याच दिवशी दुरुस्तीला लागा. झेरॉक्स किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो चालत नाही, मूळ कार्ड किंवा एमआधार, डिजिलॉकर या सरकारी अ‍ॅपमधलं ओळखपत्र लागतं. आणखी एक नेहमीचा प्रकार म्हणजे कागद मुलाच्या खिशात, आणि मुलगा सोडायला आलेला. सोडायला आलेल्यांना आत प्रवेश नाही, त्यामुळे गाडीतून उतरण्याआधीच कागद ज्याचे त्याच्या हातात द्या.

"सुटायला अजून वेळ आहे"

एसटीला हात दाखवून थांबवता येतं. विमानाचा काउंटर देशांतर्गत प्रवासात साधारण सुटण्याच्या ६० मिनिटं आधी बंद होतो, विमानात चढायचं गेट २५ मिनिटं आधी. दोन तास आधी दारात असायला हवं. कोथरूडहून निघणाऱ्याने त्यात नगर रस्त्याची संध्याकाळ मिळवावी, ती कधी किती खाईल सांगता येत नाही. वनाज ते रामवाडी मेट्रो आणि पुढे रिक्षा, हा माझ्या मते दिवसाचा सर्वांत बिनघोर मार्ग. पहाटेच्या विमानाला त्याचा उपयोग नाही, मेट्रो सकाळी ६ ला सुरू होते.

गेटचा नंबर बोर्डिंग पासवर असतो, पण तो बदलतो. घोषणा होईल म्हणून डुलक्या काढत बसू नका, अधूनमधून पडद्याकडे बघा.

वजन, अडकित्ता, पॉवर बँक

इकॉनॉमीच्या साध्या तिकिटावर साधारणपणे हातातली एक बॅग ७ किलो आणि काउंटरवर द्यायची १५ किलो. नक्की आकडा तिकिटावर बघा, जास्तीला किलोमागे पैसे पडतात. घरी वजनकाट्यावर एकदा नुसते उभे राहा, मग बॅग घेऊन, आणि वजाबाकी करा. "थोडंफार चालतंय की" हे लक्झरीवाल्याला म्हणायचं वाक्य आहे.

आजीच्या चंचीतला अडकित्ता, शिवणाची कात्री, फळं कापायची सुरी हे सगळं काउंटरवर द्यायच्या बॅगेत. लोणच्याची बरणीही तिकडेच, पण दोन पिशव्यांत घट्ट बांधून, नाहीतर दिल्लीत साड्यांना मोहरीचा वास. पॉवर बँकचं नेमकं उलट. ती हातातल्याच बॅगेत हवी. लिथियमची बॅटरी पेटली तर माणसांच्या डोळ्यांसमोर पेटलेली बरी, खाली सामानाच्या कप्प्यात नको. बाकरवडीला कुठेच आडकाठी नाही.

वर गेल्यावर

उड्डाणानंतर खालून धाडकन आवाज येतो, ती चाकं आत घेतात. मग इंजिनाचा आवाज एकदम उतरतो. बंद पडलेलं नसतं, चढाईचा जोर कमी केलेला असतो.

आतली हवा जमिनीवरच्यासारखी दाट ठेवत नाहीत. उंचावर ती साधारण ६ ते ८ हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ असते. कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५४०० फूट. चहा पीत बसलेले तुम्ही कळसूबाईच्याही वर असता. म्हणून चिवड्याचं बंद पाकीट फुगतं, आणि उतरताना कान दुखतात. उतरायला लागलं की गोळी चघळा, आवंढे गिळा, जांभई द्या. तान्ह्याला अंगावर पाजा. झोपलेल्याला उठवा, कारण झोपेत गिळणं कमी होतं. जबर सर्दी असेल तर आधी डॉक्टरांना विचारून घ्या.

पुण्याची धावपट्टी हवाई दलाची आहे. सुखोई दिसला म्हणून मोबाइल बाहेर काढू नका, फोटोला मनाई आहे.

परतीच्या आदल्या रात्री आईचा दिल्लीहून फोन आला. तारीख, आधार, गेट, सगळं तिनेच मला तपासून दाखवलं. मग हळूच म्हणाली, "इथे खोबरं छान मिळालंय रे, पण मी लाडूच करून घेतले."