चिलखतासाठी डॅमेज रिडक्शन: होमब्रू नियमाचा आकडा कसा ठरवावा

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांनी खेळायच्या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीत चिलखतामुळे आर्मर क्लास (वार लागण्यासाठी हल्लेखोराने फाशावर गाठायचा आकडा) वाढतो, म्हणजे वार चुकण्याची शक्यता वाढते. जो वार लागतो तो मात्र पूर्ण लागतो. अनेकांना हे खटकते आणि मग ‘प्रत्येक वारातून 3 वजा’ असा डॅमेज रिडक्शनचा, म्हणजे वाराची हानी (डॅमेज) घटवण्याचा, घरचा नियम पुढे येतो. असा नियम जरूर करावा, परंतु त्याआधी तो कोणत्या शत्रूला किती जाचेल हे कागदावर मांडून पाहावे, कारण ठरावीक आकड्याच्या वजाबाकीने मोठा वार जेमतेम कमी होतो आणि लहान वार जवळजवळ संपून जातो.

2014 च्या नियमांतील दोन शत्रू घेऊ. गॉब्लिनचा वार 1d6+2 (सहा बाजूंचा एक फासा, अधिक 2), सरासरी 5.5, ओगरचा 2d8+4, सरासरी 13. आर्मर क्लास 16 असलेल्या योद्ध्याला वीस बाजूंच्या फाशावर +4 मिळवणारा गॉब्लिन 45 टक्के वेळा मारतो, +6 चा ओगर 55 टक्के वेळा. क्रिटिकल हिट (फाशावर 20 पडल्यावर होणारा जादा हानीचा वार) बाजूला ठेवल्यास प्रत्येक हल्ल्यामागे अनुक्रमे सुमारे 2.5 आणि 7.2 डॅमेज पडते. आता आर्मर क्लास 13 वर आणून 3 डॅमेज रिडक्शन द्या. ओगर 7 वर, म्हणजे जवळपास होता तिथेच राहतो. गॉब्लिन मात्र 1.5 वर घसरतो. गॉब्लिनांच्या टोळीवर उभारलेली चकमक त्यामुळे निष्प्रभ होते. रिडक्शन 2 ठेवल्यास गॉब्लिन 2.1 आणि ओगर 7.7 येतो, आणि हा फरक सहज चालण्यासारखा आहे. म्हणून आपल्या मोहिमेत नेहमी भेटणाऱ्या सर्वांत दुबळ्या शत्रूचा वार समोर ठेवूनच आकडा ठरवावा, आणि आर्मर क्लास न उतरवता रिडक्शन कधीही देऊ नये.

लागलेल्या वाराचे किमान 1 डॅमेज व्हावे, असेही लिहून ठेवावे. नाहीतर 1d4 च्या खंजिराला 3 रिडक्शनसमोर चारपैकी तीन वेळा काहीच साधत नाही, आणि फासा चांगला पडूनही हात रिकामाच राहिल्याने खेळाडूचा उत्साह मावळतो.

रेझिस्टन्सशी, म्हणजे विशिष्ट प्रकारचे डॅमेज निम्मे करणाऱ्या गुणाशी, क्रमही स्पष्ट हवा. मूळ नियमांप्रमाणे आधी वजाबाकी होते, नंतर निम्मे केले जाते: 25 मधून 5 गेले की 20, त्याचे निम्मे 10. क्रम उलटा केल्यास 25 चे निम्मे 12 (अपूर्णांक सोडून), त्यातून 5 जाऊन 7 उरतात. मूळ क्रमच ठेवावा, म्हणजे ऐन लढाईत वाद होत नाहीत.

रिडक्शन स्लॅशिंग (कापणे), पिअर्सिंग (भोसकणे) आणि ब्लजनिंग (ठेचणे) या डॅमेजच्या तीन प्रकारांपुरतेच ठेवावे. मॅजिक मिसाइल या मंत्राचा प्रत्येक बाण 1d4+1 चा असतो; प्रत्येकातून 3 वजा केल्यास तो मंत्र वापरण्यात अर्थच राहत नाही.

राक्षसांना रिडक्शन द्यायचे असेल, तर 2003 च्या 3.5 आवृत्तीची पद्धत मला आजही सर्वांत सरस वाटते. तिथे आकड्यासोबत त्यावरचा तोडही दिलेला असे: ‘10/सिल्व्हर’ म्हणजे चांदीच्या शस्त्रापुढे वजाबाकी नाही. अशा नोंदीमुळे खेळाडू चौकशी करतात, शस्त्र मिळवतात, तयारीने जातात. तोड ठेवल्यास त्याची खूण लढाईपूर्वीच कथेत पेरावी. अशी खूण नसेल, तर आकडा 5 च्या वर नेऊ नये.